उघड्या गाडीची गादी

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन गावात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी नावाची छोटी, वेगवान गाडी बनत असे. टप कापडी, मागे दुमडणारा. हौशी मालक आजही घरीच तिचं आतलं अंग नवं करतात. मोटारीचं नाव काढलं की आपण मागे सरतो, पण यातलं निम्मं काम शिवणाचं आहे.

मशीनला मात्र लगेच हात लावायचा नाही. आधी सीट काढून खालचा गालिचा उचलायचा. टपातून झिरपलेलं पाणी त्यात मुरतं आणि पत्रा गंजतो. वरून काही कळत नाही. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायचं. भुसभुशीत लागला तर आधी वेल्डिंग. सीटचे बोल्ट याच पत्र्यात बसतात, तो गेला तर नवी गादी काय कामाची?

जुनं कव्हर फाडायचं नाही, उसवायचं. प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर घालायचा. तेच आपलं कटिंग. रेक्झीनवर टीप बारीक नको. पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडून तिथेच फाटतं. टाचणीचंही भोक राहतं, म्हणून कपड्यांचे चिमटे लावायचे. सुई चामड्याची, दोरा पॉलिस्टरचा. चार पदर आले की चाक हाताने फिरवायचं. कडेची पायपिंग आपल्या ब्लाउजच्या गळ्यासारखीच, फक्त आतली दोरी जाड.

कव्हर चढवण्याआधी थोडा वेळ उन्हात ठेवलं की रेक्झीन मऊ पडतं, सुरकुत्या राहत नाहीत. ट्रॅक्टरच्या सीटलाही हे सगळं लागू आहे.