नाकातील सूज मोजताना येणाऱ्या व्यावहारिक अडचणी

प्रस्तावना :
नाक चोंदणे ही सर्वत्र आढळणारी तक्रार आहे. औषधाचा गुण आला की नाही आणि शस्त्रक्रिया करावी की नाही, हे ठरविण्यासाठी सुजेचे मोजमाप आवश्यक ठरते. तथापि हे मोजमाप वाटते तितके सोपे नाही. त्यातील प्रमुख अडचणींचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नासिकाचक्र :
नाकाच्या अंतस्त्वचेत रक्ताने फुगणाऱ्या वाहिन्यांचे जाळे असते. निरोगी अवस्थेतही एक नाकपुडी काही तास मोकळी व दुसरी अंशतः बंद राहते. नंतर क्रम पालटतो. योगपरंपरेस परिचित असलेल्या या घटनेचे वैद्यकीय वर्णन रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्ये केले. त्यामुळे एकाच नाकपुडीचे एकदाच घेतलेले माप दिशाभूल करू शकते. आडवे झाल्याने सूज वाढते, तर व्यायामाने कमी होते. म्हणून तपासणीपूर्वी रुग्णास सुमारे अर्धा तास खोलीत शांत बसविणे इष्ट ठरते.

उपकरणांच्या मर्यादा :
राइनोमॅनोमेट्रीमध्ये हवेचा दाब व प्रवाह यांवरून नाकातील अवरोध काढला जातो. प्रचलित पद्धतीत दाब दुसऱ्या नाकपुडीतून मोजतात. साहजिकच ती पूर्ण बंद असल्यास किंवा नाकाच्या पडद्यास छिद्र असल्यास ही पद्धत निरुपयोगी ठरते. १९८९ मध्ये पुढे आलेली अकूस्टिक राइनोमेट्री ध्वनीच्या परावर्तनावरून पोकळीचे क्षेत्रफळ सांगते. परंतु अतिशय अरुंद जागेच्या पलीकडील तिची मापे विश्वसनीय नसतात. शिवाय नळी नाकपुडीवर दाबली गेल्यास नाकपुडीचा आकारच बदलतो.

सूज की रचनादोष?
अवरोध सुजेमुळे आहे की पडदा वाकडा असल्यामुळे, हे केवळ एका आकड्यावरून कळत नाही. यासाठी नाक मोकळे करणारे औषध सोडून पुन्हा माप घेतात. अवरोध बराच घटला तर सूज, न घटल्यास रचनादोष प्रमुख मानला जातो.

रुग्णाचा अनुभव :
मेंथॉल हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते; प्रत्यक्षात अवरोध बदलत नाही, केवळ थंडावा जाणणारे मज्जातंतू उत्तेजित होतात. याउलट माप समाधानकारक असूनही काही रुग्णांना नाक बंद वाटते.

निष्कर्ष :
सारांश, दोन्ही नाकपुड्यांचे औषधापूर्वीचे व नंतरचे माप, प्रत्यक्ष तपासणी आणि रुग्णाचे कथन यांचा एकत्रित विचार आवश्यक आहे. केवळ एका आकड्याच्या आधारे शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे योग्य ठरणार नाही.