सडक अर्जुनीहून मोटार कारखान्यात

आयटीआय झालेल्या आपल्याकडच्या मुलांना मोटारींचे कारखाने लांबच पडतात : पुण्याजवळचे चाकण किंवा छत्रपती संभाजीनगरजवळचे शेंद्रा. सौंदडहून गोंदिया गाठले, की महाराष्ट्र एक्सप्रेस थेट पुण्याला नेते.

सुरुवात बहुधा शिकाऊ उमेदवारीने होते. 1961 च्या कायद्याने विद्यावेतन मिळते. मात्र करारात तसे लिहिलेले नसेल, तर मुदत संपल्यावर नोकरीत घेण्याचे बंधन कंपनीवर नसते. घरच्यांनाही हे आधीच सांगून ठेवा. सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी मोफत आहे. आधार, गुणपत्रिका आणि बँकखाते यांवरचे नाव अक्षरशः सारखे हवे.

वैद्यकीय तपासणीत रंग ओळखायला लावतात, कारण गाडीतल्या वायरी रंगांवरूनच जोडायच्या असतात. पहिले काही दिवस सुरक्षेच्या प्रशिक्षणात जातात. लाइनवर गाडीजवळ उभे राहायचे तर घड्याळ, अंगठी, बकलचा पट्टा काढून ठेवावा लागतो. नुसत्या घासण्याने ताज्या रंगावर ओरखडा उठतो. शिवाय आठ तास उभ्याने काम. पायांना ते पहिल्याच आठवड्यात जाणवते.

कामाला लावतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका. कंपनीचे पत्र हाती आल्यावरच तिकीट काढा.