आज्ञावलीची बांधणी आणि विलंबाचे मूळ

संगणकाची आज्ञावली माणसास वाचता येईल अशा भाषेत लिहिली जाते. तिचे यंत्रभाषेत रूपांतर करण्याचे काम कंपायलर करतो. मोठ्या प्रकल्पात ही बांधणी कित्येक मिनिटे, प्रसंगी काही तास चालते. तेवढा वेळ प्रोग्रॅमर खोळंबतो, त्याच्या विचाराचा धागा तुटतो आणि लवकरच नव्या यंत्राच्या खरेदीचा प्रस्ताव कार्यालयापुढे येतो. मात्र विलंबाचे मूळ पुष्कळदा प्रोसेसरमध्ये नसून फायलींच्या हाताळणीत असते, हे येथे सांगावयाचे आहे.

सी किंवा सी प्लस प्लस या भाषांचेच पाहा. त्यांतील प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे बांधली जाते आणि तिने मागितलेल्या हेडर फायली दर वेळी नव्याने वाचाव्या लागतात. हजार फायलींनी एकच हेडर मागितला, तर तो हजार वेळा वाचला जातो. लिनक्सच्या गाभ्यातील हेडरांचा हा गुंता सोडविण्यासाठी इंगो मोल्नार यांनी जानेवारी २०२२ मध्ये दोन हजारांहून अधिक दुरुस्त्या सुचविल्या, यावरून तो किती खोल आहे हे ध्यानी येईल.

लहान फायली उघडणे व नवी प्रक्रिया सुरू करणे ही कामे लिनक्सवर झटपट होतात. विंडोजवर त्यांना अधिक वेळ लागतो. शिवाय तेथे विषाणूरोधक आज्ञावली उघडणारी प्रत्येक फाइल तपासते. म्हणून ती तपासणी सरसकट बंद करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्यामुळे सारे यंत्र उघडे पडते. व्यवस्थापकाच्या संमतीने केवळ बांधणीचा फोल्डर वगळावा, किंवा विंडोज ११ वर २०२३ पासून मिळणारी डेव्ह ड्राइव्हची सोय वापरावी. तीत तपासणी होते, पण फाइल उघडण्याचे काम तिच्यासाठी अडत नाही. विंडोजच्या पोटात लिनक्स चालविणाऱ्यांनी मूळ फायली लिनक्सच्याच भागात ठेवाव्यात. त्या विंडोजच्या ड्राइव्हवर राहिल्यास प्रत्येक वाचनास दोन प्रणालींमधील सीमा ओलांडावी लागते. मॅकवर नव्याने तयार झालेली आज्ञावली प्रथम चालविताना तपासली जाते. बांधणीत अशा अनेक छोट्या आज्ञावल्या चालत असतील, तर सुरक्षा सेटिंगमधील डेव्हलपर टूल्सच्या यादीत टर्मिनलचा समावेश केल्याने फरक पडतो.

एक अक्षर चुकले म्हणून छापखान्यात कोणी सबंध ग्रंथ पुन्हा जुळवीत नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये रचलेल्या ‘मेक’चे तत्त्व हेच होते: जे बदलले, तेवढेच बांधावे. परंतु फायलींचे परस्परावलंबन नीट नोंदलेले नसेल, तर बांधणीवरचा विश्वास उडतो आणि मंडळी सारे पुसून पुन्हा आरंभ करतात. हा अपव्यय कोणत्याही प्रणालीवर सारखाच. पूर्वीची बांधणी साठवून ठेवणारे ‘सीकॅश’ येथे उपयोगी पडते.

बांधणी चालू असता प्रोसेसर किती व्यग्र आहे, हे पाहणे सोपे आहे. तो बराच वेळ रिकामा असेल, तर अधिक वेगवान प्रोसेसरने फारसे साधणार नाही. सर्व गाभे व्यग्र असूनही काम रेंगाळत असेल, तर खरेदीचा विचार रास्त ठरतो. मेमरी अपुरी असता एकाच वेळी अनेक फायली बांधावयास घेतल्यास डिस्कवर ताण येऊन वेग उलट घटतो. तेथे प्रथम मेमरीच वाढवावी. ही निरीक्षणे खरेदीच्या टिपणीस जोडावीत.