शिट्टी उशिरा का वाजली?

७ ऑक्टोबर २०२३, शनिवार. दुपारी वरळीच्या बीडीडी चाळीतल्या आमच्या मजल्यावर एका खोलीत बारा-चौदा माणसं दाटीवाटीने बसली होती. उरलेली दारातून माना आत घालून उभी होती. चीनमधल्या हांगझोऊ इथे आशियाई क्रीडा स्पर्धेतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना चालू होता, भारत विरुद्ध इराण. गुणफलक २८-२८, हातात जेमतेम मिनिटभर. पवन सेहरावत चढाईला गेला आणि त्यानंतर जवळपास तासभर कबड्डी झालीच नाही. झाला तो वाद. निर्णय दिले गेले, फिरवले गेले, पुन्हा दिले गेले. दोन्ही संघांचे खेळाडू मॅटवर बसून राहिले. अखेर खेळ सुरू झाला आणि भारताने ३३-२९ असं सुवर्णपदक जिंकलं.

त्याच दिवशी आपल्या महिला संघाने चिनी तैपेईला २६-२५ असं एका गुणाने हरवलं होतं. पण रात्री पॅसेजमध्ये जमलेल्या घोळक्यात तिचं नावही निघालं नाही. विषय एकच, पंच. निम्म्यांचं म्हणणं, इराणने रडारड केली. उरलेल्यांचं म्हणणं, आपल्याला सांभाळून घेतलं. शेवटी एका पोराने मला गाठलं. ‘काका, तुम्ही वीस वर्षं पंच होतात. खरं सांगा, आपल्याला ढील दिली ना?’

मला त्या रात्री नीट उत्तर देता आलं नाही. ‘ढील’ या एका शब्दात आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो, हे मला पुढे विचार करताना उमगलं. त्या वेगळ्या केल्याशिवाय हांगझोऊचंही उत्तर मिळत नाही आणि आपल्या गल्लीतल्या सामन्यांचंही.

पहिला वाद डोळ्यांचा. हात लागला की नाही? पाय रेषेबाहेर गेला की नाही? पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. दोन्ही बाजूंना एकेक मीटरची राखीव पट्टी, जिला हल्ली सगळे लॉबी म्हणतात. एवढ्या जागेत एक चढाईपटू आणि सात बचावपटू. त्यांच्यावर नजर ठेवायला एक सरपंच आणि दोन बाजूंना दोन पंच. गुणलेखक आणि त्याचे दोन सहायक वेगळे. बोटाचं टोक बनियनला घासलं, हे दहा फुटांवरून दिसतंच असं नाही. ते नक्की ठाऊक असतं दोघांना, ज्याने स्पर्श केला त्याला आणि ज्याला झाला त्याला. म्हणून जुन्या मैदानांवर स्वतःहून हात वर करून बाहेर जाणाऱ्या खेळाडूला मान होता. आता कॅमेरे आले, दाद मागायची सोय झाली. या वादात पंच चुकू शकतो, पण चुकणं म्हणजे ढील नव्हे. तिथे सत्य एकच असतं. ते दिसलं किंवा दिसलं नाही, इतकंच.

दुसरा वाद मापाचा. इथे सगळ्यांना सगळं दिसलेलं असतं, ठरवायचं असतं ते ‘किती’. दम एका श्वासात, स्पष्ट, अखंड आणि ऐकू येईल असा हवा, हे नियमात आहे. पण अखंड म्हणजे किती अखंड? पकडीत सापडलेला, छातीवर दोघे आणि घोट्याला तिसरा लटकलेला गडी ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत मध्यरेषेकडे सरपटतो, तेव्हा मधली अक्षरं गिळली जातातच. ती गिळणं म्हणजे दम जाणं का? झटापट कुठवर चालू द्यायची आणि शिट्टी कधी मारायची? बचावपटूने तोंड दाबायचं नाही, पायांची कैची घालायची नाही, इजा होईल अशी पकड करायची नाही, हे पुस्तकात आहे. पण जोराची पकड कुठे संपते आणि दांडगाई कुठे सुरू होते, याचं माप पुस्तकात नाही. ते पंचाच्या कानात आणि छातीत असतं. खरी ढील राहते ती इथे.

ही अडचण एकट्या कबड्डीची नाही. ऑस्ट्रेलियात त्यांचं स्वतःचं फुटबॉल आहे, लंबगोल मैदानावर अठरा-अठरा गड्यांचं. तिथे चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडलं की पंचाला आधी हे ठरवावं लागतं, की पकड बसण्यापूर्वी त्याला चेंडू टाकून द्यायची संधी मिळाली होती का. संधी होती तर गुन्हा, नव्हती तर माफी. आता ‘संधी’ मोजायची कशाने? क्रिकेटने यातलं थोडं लिहून ठेवलं. संशयाचा फायदा फलंदाजाला, ही त्या खेळाची जुनी रीत. यंत्रं आल्यावरही ‘अंपायर्स कॉल’ म्हणून मैदानावरच्या पंचाच्या अंदाजाला जागा राखलेली आहे. ढील जाहीर असेल आणि दोघांना सारखी असेल, तर तिला कुणी अन्याय म्हणत नाही.

तिसरा वाद पुस्तकाचा. घडलं काय, यावर दोन्ही बाजूंचं एकमत असतं. प्रश्न असतो, त्याला कुठला नियम लावायचा? हांगझोऊचा वाद नेमका हा होता.

लॉबीचा नियम मुळात सोपा आहे. चढाईपटूचा आणि बचावपटूचा स्पर्श झाला की दोन्ही बाजूंच्या राखीव पट्ट्या खेळात येतात. तोवर त्या मैदानाबाहेरच. पवन कुणालाही स्पर्श न करता त्या पट्टीत गेला. म्हणजे तो बाद, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूही पट्टीत शिरले. त्यांचं काय? आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जुन्या नियमाप्रमाणे स्पर्शाविना लॉबीत गेलेला प्रत्येक जण बाद, मग तो चढाईपटू असो वा बचावपटू. प्रो कबड्डी लीगमध्ये रुळलेल्या नव्या नियमाप्रमाणे चढाईपटू बाहेर गेला त्या क्षणी चढाई संपली. पुढे कोण कुठे गेलं याला अर्थ नाही. एका नियमाने इराणला एक गुण आणि भारताला एकाहून जास्त. दुसऱ्या नियमाने बरोबरी तुटली असती ती इराणच्या बाजूने. पडद्यावर तीच चढाई कितीदाही दाखवली तरी हा प्रश्न सुटणार नव्हता. शेवटी जुना नियम लागू झाला.

दोन्ही संघांत प्रो कबड्डी खेळलेले गडी होते. त्यांच्या पायांना नव्या नियमाची सवय, आणि स्पर्धेचं पुस्तक वेगळं. यात पंचांनी भारताला ढील दिली असं मला म्हणता येत नाही. पण एकदा दिलेला निर्णय फिरवला, पुन्हा फिरवला, हे पाहणाऱ्याच्या मनात संशय पेरणारंच होतं. कुठलं पुस्तक चालणार हे पहिल्या शिट्टीपूर्वी दोन्ही कर्णधारांना स्पष्ट सांगितलेलं असलं, तर शेवटच्या मिनिटात तासभर बसावं लागत नाही. गल्लीतल्या स्पर्धेतही नाणेफेकीच्या वेळी सरपंच सांगतो, बोनस आहे की नाही, तिसरी चढाई कशी धरायची. ते दोन मिनिटांचं काम असतं.

मग प्रेक्षकाला हे तिन्ही वाद एकच का वाटतात? कारण तो निकालावरून मागे चालत येतो. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर एनएससीआयचं बंदिस्त स्टेडियम आहे. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डीचा पहिला सामना तिथेच झाला. यू मुंबाने जयपूरला ४५-३१ असं हरवलं. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला त्याच मॅटवर अंतिम सामन्यात जयपूरने मुंबईला ३५-२४ असं नमवलं. पुढच्या वर्षी २३ ऑगस्टला यू मुंबाने बंगळुरूला ३६-३० असं हरवून चषक घेतला. आमच्या मजल्यावर २०१४च्या अंतिम सामन्यात पंचांनी काय काय सोडून दिलं याची यादी अजून तोंडपाठ आहे. २०१५च्या सामन्यात काय सोडून दिलं, हे विचारलं तर कुणाला एकही चढाई आठवत नाही. पंच तेव्हा काय एकदम निर्दोष झाले? जिंकलेल्याने ढिलाईचा हिशेब ठेवलेला मी कधी पाहिला नाही.

म्हणूनच त्रयस्थ पंचांची कल्पना आली. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्या कसोटीला व्ही. के. रामस्वामी आणि आपले मुंबईकर पिलू रिपोर्टर हे दोन भारतीय पंच उभे राहिले. यजमानांच्या पंचांवर रोज उठणारं बोट थांबावं म्हणून खुद्द इम्रान खान यांनी तो आग्रह धरला होता. त्रयस्थ माणसाला जास्त दिसतं असं नाही. पण मापाच्या वादात त्याचा तराजू कुणाच्या घरचा नसतो.

हे मला पटलं ते पुस्तकं वाचून नव्हे. साधारण तीस वर्षांपूर्वी याच भागातल्या एका मैदानावर रात्रीचा अंतिम सामना होता. नेमलेले एक पंच आले नाहीत, म्हणून आयोजकांनी मला उभं केलं. एका बाजूला आमच्याच चाळीचा संघ. मी नको म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. शेवटची चढाई, आमचा संघ एका गुणाने मागे. आमचा पोरगा मध्यरेषेपासून दोन फुटांवर सापडला, अंगावर तिघे. मी त्याच बाजूला उभा होतो. त्याचा दम गेला. अक्षर गिळलं नाही, दम गेला. मधली शांतता मला स्वच्छ ऐकू आली. शिट्टी माझ्या ओठांत होती. मी ती वाजवली नाही. पुढच्या क्षणी त्याची बोटं रेषेला लागली, मग मी वाजवली. तीन गुण. गुलाल उधळला गेला.

हरलेल्या संघाचा कोपरारक्षक माझ्याजवळ आला. आवाज न चढवता म्हणाला, ‘सर, दम गेला होता.’

मी म्हटलं, ‘मला ऐकू नाही आलं.’

तो मान हलवून निघून गेला. त्या चषकावर आमच्या चाळीत कधीही वाद झाला नाही.

हांगझोऊनंतरच्या त्या रात्री पोरांना मी हे सांगितलं. त्या जुन्या संघातला एक जण तिथेच होता. तो म्हणाला, ‘हे तू आज सांगतोस?’ एवढं बोलून तो उठून खोलीत गेला. पोरगं मात्र अडून बसलं. ‘म्हणजे ढील असते?’ मी म्हटलं, असते. पण हांगझोऊला लोक जिथे शोधत होते तिथे नव्हती. ती मोठ्या पडद्यावर सापडायची नाही. पंचाला ऐकू आलं आणि त्याने ऐकलं नाही असं ठरवलं, तिथे ती असते.

दोन आठवड्यांनी दसरा आला, २४ ऑक्टोबरला. तो कोपरारक्षक आता कोळीवाड्याच्या बाजूला राहतो. आपट्याची पानं घेऊन मी त्याच्याकडे गेलो. त्याने सोनं घेतलं, पाया पडायला वाकला, मी अडवलं. चहा झाला. हांगझोऊच्या गप्पा झाल्या. मग मी विचारलं, तो आपल्या मैदानावरचा शेवटचा सामना आठवतो का.

‘दम गेला होता, सर,’ तो म्हणाला.

‘हो,’ मी म्हटलं. ‘गेला होता.’