रक्ताचा रोजमेळ आणि हाडांचे कोठार



पर्युषण पर्वात आपल्या समाजातील कित्येक बंधुभगिनी अठ्ठाई करतात. आठ दिवस अन्नाचा कण पोटात जात नाही. उकळलेले पाणी तेवढे, आणि तेही सूर्यास्तापूर्वी. अशा तपस्व्यांपुढे आम्ही लहानपणापासून श्रद्धेने मस्तक लववीत आलो आहोत. परंतु एक प्रश्न आमच्या मनात कधी उद्भवला नव्हता. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यास, स्नायूंच्या प्रत्येक हालचालीस आणि मज्जातंतूंच्या कार्यास रक्तातील कॅल्शियम लागते. आठ दिवस अन्नावाटे ते आलेच नाही, तरी हृदय एक ठोका चुकले नाही. मग हे कॅल्शियम आले कोठून?

हा प्रश्न आम्हांस ग्रंथाने नव्हे, तर घरातील दुखण्याने शिकविला. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून पांढुर्ण्याच्या बाजारात धान्याच्या घाऊक व्यापारात आयुष्य घालविलेले आम्ही एक साधे व्यापारी. तथापि जे समजले ते व्यापाऱ्याच्या भाषेत समाजबांधवांपुढे ठेवावे, म्हणजे आमच्या घरी जी चूक झाली ती इतर घरी टळेल, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आमच्या सौभाग्यवतींना साठीच्या आसपास मांड्या व कंबर दुखण्याचा विकार जडला. खाली बसल्या म्हणजे हाताचा टेका घेतल्यावाचून उठता येईना. जिना चढताना कठड्याचा आधार लागे. प्रथम वाताचा विकार म्हणून तेल चोळले. पुढे रक्त तपासले. अहवालात कॅल्शियम ८.९ असा आकडा आला व तो मर्यादेत असल्याचे सांगण्यात आले. आम्ही निश्चिंत झालो. दुखणे थांबविणाऱ्या गोळ्यांवर दोन वर्षे गेली. एके दिवशी स्वयंपाकघरात त्यांचा पाय किंचित घसरला आणि तेवढ्यानेच मनगट मोडले. नागपुरास नेले असता तेथील डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व व परावटू ग्रंथींचे संप्रेरक, म्हणजे पॅराथायरॉईड हॉर्मोन, ह्या दोन्हींची तपासणी करविली. जीवनसत्त्व केवळ ७ निघाले. २० च्या खाली गेले की ते कमी समजतात. संप्रेरक मात्र मर्यादेच्या दुपटीहून अधिक निघाले. आम्ही विचारले, “पण कॅल्शियम तर बरोबर होते ना?” ते म्हणाले, “बरोबर होते, कारण ते हाडांतून काढून भरले जात होते.”

धान्याच्या व्यापाऱ्यास ह्याहून स्पष्ट उत्तर कोणते हवे? गल्ल्यातील शिल्लक रोज बरोबर येते म्हणून पेढी सुस्थितीत आहे, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. ती शिल्लक विक्रीतून आली की कोठारातील माल गुपचूप मोडून आली, हे पाहावे लागते.

आता शरीराचा हा जमाखर्च पाहू. प्रौढ मनुष्याच्या देहात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातील शेकडा ९९ भाग हाडे व दात ह्यांत साठविलेला असतो. हे आपले कोठार. उलट वाहत्या रक्तातील द्रवभागात एका वेळी सुमारे ३०० मिलिग्रॅमच कॅल्शियम असते. हा आपला गल्ला. कोठारात दहा लाख मिलिग्रॅम आणि गल्ल्यात तीनशे! परंतु रोजचा सर्व व्यवहार ह्या गल्ल्यावर चालतो, आणि त्यातील शिल्लक दर १०० मिलिलिटर रक्तद्रवास साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम ह्या अरुंद मर्यादेतच राहावी लागते. ती फार उतरली तर बोटे वळतात, गोळे येतात, आकडीही येते. फार चढली तर मलावरोध, मूतखडा, सुस्ती व बुद्धिभ्रम संभवतो.

ही शिल्लक राखण्याचे काम चार चिमुकल्या मुनिमांकडे आहे. गळ्यातील अवटू ग्रंथीच्या मागील बाजूस मसुरीच्या दाण्याएवढ्या बहुधा चार ग्रंथी असतात. प्रत्येकीचे वजन ३० ते ५० मिलिग्रॅम. ह्याच परावटू ग्रंथी. ह्यांचा शोध लागण्यास आपल्या देशातील एक प्राणी कारण झाला, ही गंमतीची गोष्ट आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एक भारतीय गेंडा १८४९ साली मेला. रिचर्ड ओवेन ह्या शास्त्रज्ञाने त्याचे विच्छेदन केले असता त्यास ही ग्रंथी आढळली. मनुष्याच्या शरीरातील ह्या ग्रंथींचे सविस्तर वर्णन स्वीडनमधील इव्हार सांडस्ट्रोम ह्याने १८८० साली प्रसिद्ध केले.

रक्तातील कॅल्शियम किंचित उतरताच हे मुनीम जागे होतात आणि आपले संप्रेरक रक्तात सोडतात. हे संप्रेरक म्हणजे तीन ठिकाणी गेलेली चिठ्ठी समजावी. पहिली चिठ्ठी हाडांस: कोठार उघडा व माल बाहेर काढा. दुसरी मूत्रपिंडांस: गळती बंद करा. मूत्रपिंडांतून रोज सुमारे दहा ग्रॅम कॅल्शियम गाळले जाते व त्यातील शेकडा ९८ भाग परत घेतला जातो. ही परतफेड चिठ्ठीने अधिक काटेकोर होते. तिसरी चिठ्ठीही मूत्रपिंडांसच, आणि ती सर्वांत दूरदृष्टीची: ड जीवनसत्त्व कामाचे करून द्या, म्हणजे आतड्यांतून नवी आवक वाढेल. रक्तातील कॅल्शियम पुरेसे झाले की मुनीम चिठ्ठ्या लिहिणे आवरतात. अठ्ठाईच्या तपस्व्याच्या रक्तातील शिल्लक टिकते ती ह्याच व्यवस्थेमुळे. ती आठ दिवसांची उचल असते. पारण्यानंतर योग्य आहार मिळाला तर कोठार पुन्हा भरून निघते.

ह्या तिसऱ्या चिठ्ठीचा विचार अधिक केला पाहिजे. ड जीवनसत्त्व हे इतर जीवनसत्त्वांप्रमाणे मुख्यतः अन्नातून येत नाही. ते आपली त्वचा सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांच्या साह्याने स्वतः तयार करते. तेथून ते यकृतात जाते, तेथे त्याच्यावर पहिला संस्कार होतो. मग मूत्रपिंडात दुसरा. ह्या दोन संस्कारांनंतरच ते आतड्यांचे फाटक उघडते. अन्नातून १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात गेले, तर ड जीवनसत्त्वाच्या अभावी त्यातील १०० ते १५० मिलिग्रॅमच अंगी लागते. ते पुरेसे असता ३०० ते ४०० मिलिग्रॅम लागते. गाड्या भरून माल फाटकाशी आला, पण फाटकच उघडले नाही, तर त्या आवकीचा उपयोग काय?

मग मुनीम बिचारा काय करील? गल्ला तर रिकामा ठेवता येत नाही. तो वर्षानुवर्षे कोठार उपसतो. शिवाय त्याच्या चिठ्ठीने मूत्रावाटे फॉस्फरस अधिक जातो, त्यामुळे हाडांत खनिजाचा नवा भर नीट पडत नाही. प्रौढांची हाडे अशा रीतीने मृदू होतात, त्यास अस्थिमार्दव म्हणतात. वाढत्या मुलांत हाच विकार मुडदूस ह्या नावाने प्रकट होतो व पाय वाकतात.

कोणी म्हणेल, की आपल्या पांढुर्णा-सौसर भागात उन्हास काय तोटा! ह्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी नाशिक शहराने दिले आहे. हचिसन ह्या डॉक्टराने पटेल व शहा ह्या सहकाऱ्यांसमवेत तेथे मुडदुसाचा अभ्यास केला व तो १९२१ आणि १९२२ साली प्रसिद्ध झाला. जेथे दूधतुपाची कमतरता नव्हती, परंतु स्त्रिया पडद्यात व मुले घराच्या आत राहत, अशा सुस्थितीतील घरांत हा विकार आढळला. उलट निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या, परंतु दिवसभर उन्हात वावरणाऱ्या गरिबांच्या मुलांत तो आढळला नाही. तोपर्यंत हा रोग केवळ अन्नाच्या दारिद्र्याचा मानणाऱ्यांस हा मोठा धडा होता. गावावर ऊन पडते म्हणून ते आपल्या अंगावर पडते असे नाही!

ह्या कसोटीवर आपण स्वतःस लावून पाहावे. सकाळी दुकान उघडावयाचे, दिवसभर गादीवर सावलीत बसावयाचे, अंधार पडल्यावर घरी परतावयाचे. घरातील स्त्रिया स्वयंपाकघर व माजघर ह्यांत. मुले शाळेच्या खोलीत व पुस्तकांपुढे. संत्र्याच्या बागेत राबणाऱ्या मजूर स्त्रीस जे विनामूल्य मिळते, ते आपल्या बंगल्यात पोचत नाही. धान्यास कीड लागू नये म्हणून आम्ही पोती उघडून त्यास ऊन दाखवीत आलो. आमच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात पापड व वड्या वाळतात. परंतु त्या वाळत घालणारी माउली डोक्यावर पदर ओढून लगबगीने सावलीत परत येते. आम्ही धान्यास ऊन दाखविले, घरच्या माणसांस दाखविले नाही, ही खंत आम्हांस आजही आहे.

उन्हाविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पहाटेचे कोवळे ऊन सुखकर असले, तरी त्यात हे कामाचे किरण फारच थोडे असतात. काचेच्या खिडकीआडचे ऊन तर ह्या बाबतीत जवळपास निरुपयोगी. सोपी खूण अशी, की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असावी. उन्हाळ्यात आपल्याकडे ही वेळ सकाळी नवाच्या सुमारास येते, त्यामुळे दुपारच्या लाहीत उभे राहण्याचे कारण नाही. डिसेंबरात मात्र ऐन मध्यान्हीही सावली जवळजवळ उंचीएवढीच असते. तेव्हा थंडीत दुपारी बसावे. हात, पाय व पाठ उघडी ठेवून थोडा वेळ नियमाने बसणे, हे एक दिवस तास दोन तास भाजून घेण्यापेक्षा हितावह. वय वाढते तशी त्वचेची ही शक्ती क्षीण होते, म्हणून वृद्धांनी केवळ उन्हावर विसंबू नये.

आहाराविषयी दोन शब्द. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे प्रौढांस रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये ते तीस मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, गाईच्या दुधात सुमारे १२०, तर तिळात हजाराहून अधिक असते. पुण्यात जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेने गरीब वस्तीतील दोन-तीन वर्षांच्या मुलांस धान्यकडधान्यांचे लाडू खाऊ घातले. काहींच्या लाडवांत कॅल्शियम मिसळले होते, आणि ड जीवनसत्त्व सर्वांस दिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार कॅल्शियमचे लाडू खाणाऱ्या मुलांच्या हाडांत खनिजाची भर अधिक पडली. फाटक उघडे हवे आणि मालही हवा, हेच ह्यातून दिसते.

औषध घेणाऱ्यांस दोन सूचना. बाजारात मिळणारे ड जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून करतात, आणि मऊ कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते. ज्यांस हे वर्ज्य असेल त्यांनी संकोच न करता डॉक्टरांस सांगावे. दगडफुलाच्या वर्गातील वनस्पतींपासून केलेले जीवनसत्त्वही मिळते, आणि भुकटी अथवा थेंबांच्या रूपातही औषध मिळते. दुसरी सूचना मात्रेची. ६०,००० एककांची पुडी म्हणजे अवघे दीड मिलिग्रॅम जीवनसत्त्व. परंतु रोजची गरज ६०० एककांची असल्यामुळे ती शंभर दिवसांची बेगमी होय. डॉक्टर ती आठवड्यास एक, ठराविक काळापुरती देतात. ती रोज घेणे किंवा वर्षानुवर्षे आपल्या मनाने चालू ठेवणे म्हणजे रक्तात कॅल्शियमचा पूर आणून मूत्रपिंडांस इजा करून घेणे. उन्हाने असा अतिरेक होत नाही, कारण त्वचा जास्तीचा भाग स्वतःच निरुपयोगी करून टाकते. तसेच रक्तातील कॅल्शियम चढलेले असून परावटू संप्रेरकही चढलेले असेल, तर तो निराळाच विकार होय. तेथे मुनीमच हाताबाहेर गेलेला असतो व कधी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून तपासणीपूर्वी औषध नको.

आमच्या सौभाग्यवतींचे मनगट सांधले. सहा महिन्यांच्या उपचारांनी कंबरेचे दुखणे पुष्कळ उतरले, आणि आता त्या टेक्यावाचून उठतात. गच्चीवर एक चटई कायमची अंथरलेली असते. आम्हीही दुकानातून तासभर उठून तेथे जाऊन बसतो. त्या वेळात मुलगा गादी सांभाळतो.

समाजबांधवांस नम्र विनंती एवढीच. दिवाळीस आपण वर्षाचा ताळेबंद काढतो तेव्हा केवळ रोकड मोजून थांबत नाही, कोठारातील मालही मोजतो. घरातील वृद्ध माता, भगिनी व गृहिणी कण्हत उठत असतील, तर त्यांच्या अहवालातील कॅल्शियमच्या एका आकड्यावर समाधान मानू नये. कोठाराचीही चौकशी करावी. इत्यलम्.