टोर्नॅडोनंतर मदत करायचीय? आधी 'गिऱ्हाईक' ओळखा



कुठे वादळ झालं, गाव उद्ध्वस्त झालं की आपला जीव तुटतो. लगेच कपाटातले जुने कपडे काढतो, बिस्किटांचे बॉक्स घेतो, टेम्पो भरतो आणि पाठवून देतो. भावना शंभर टक्के खरी असते. पण धंद्यात आपण काय शिकतो? गिऱ्हाईकाला काय हवंय ते न विचारता माल भरला की तो गोडाऊनमध्ये पडून राहतो. मदतीचंही अगदी तसंच आहे. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून आज इथे सविस्तर बोलू.

जॉप्लिनमध्ये काय झालं?

अमेरिकेच्या मिझुरी राज्यात जॉप्लिन नावाचं शहर आहे, वस्ती साधारण ५० हजार. म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव समजा. २२ मे २०११, रविवारची संध्याकाळ. टोर्नॅडो आला. वाऱ्याचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या वर. दीडशेहून जास्त माणसं गेली. मोठं हॉस्पिटल निकामी झालं, हायस्कूल उद्ध्वस्त झालं, पाचशेहून जास्त व्यवसायांना फटका बसला.

आपल्या कोकणातलं चक्रीवादळ एक-दोन दिवस आधी कळतं. टोर्नॅडोचा इशारा मिळाला तरी हातात मिनिटंच असतात. आणि त्याचा पट्टा अरुंद असतो. एक गल्ली सपाट, तर थोड्या अंतरावरच्या गल्लीत कुंडीसुद्धा हललेली नाही. म्हणून तिथे शेजारचाच दुकानदार सगळ्यात आधी मदतीला पोचू शकतो.

जॉप्लिनमध्ये 'वॉफल हाऊस' या हॉटेल साखळीची दोन हॉटेलं होती. दोन्ही सुरू राहिली. अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे, म्हणजे 'फेमा'चे तेव्हाचे प्रमुख क्रेग फ्युगेट यांनी 'वॉफल हाऊस इंडेक्स' ही कल्पना लोकांसमोर मांडली. हिशोब सोपा आहे. पूर्ण मेनू मिळतोय म्हणजे हिरवा. मोजकेच पदार्थ मिळतायत म्हणजे पिवळा. चोवीस तास चालणारं हे हॉटेलच बंद म्हणजे लाल, तिथे परिस्थिती गंभीर.

विचार करा, सरकारी अधिकारी हॉटेलकडे बघून गावाची अवस्था ओळखतायत! कारण दुकान उघडं म्हणजे पाणी आहे, माल येतोय, कामगार पोचतायत.

फुकट माल कधी नडतो?

पहिले काही दिवस फुकट जेवण, पाणी, औषधं लागतातच, त्यात वाद नाही. पण महिनाभर बाहेरून फुकट तांदूळ-साबण येत राहिला, तर गावातल्या किराणावाल्याचं काय? त्याचं छप्पर आधीच उडालंय, आता गिऱ्हाईकही गेलं. तो उठला नाही तर त्याच्याकडची दोन पोरंसुद्धा घरी बसणार. आणि न मागितलेल्या मालाचं आणखी एक दुखणं असतं. तो उतरवायला, निवडायला, ठेवायला माणसं आणि जागा लागते. नेमकी तीच तिथे कमी असते. आपत्ती व्यवस्थापनात अशा ढिगाऱ्याला 'दुसरी आपत्ती' म्हणतात.

मग करायचं काय?

१. आधी फोन, मग टेम्पो. गावातल्या एका माणसाला विचारा: काय हवं, किती हवं, कुठे उतरवायचं? उत्तर मिळेपर्यंत गाडी भरू नका.

२. पैसे द्या, आणि खरेदी तिथेच होऊ द्या. जवळचं जे दुकान सुरू आहे तिथून ताडपत्री, खिळे, किराणा घेतला, तर एकाच रुपयात दोन घरांना आधार मिळतो.

३. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला मदत करावी. तुमचं गिऱ्हाईक किंवा सप्लायर तिथला असेल, तर उधारीची मुदत वाढवा, पुढच्या ऑर्डरचा ॲडव्हान्स आधी द्या. ही भीक नाही, धंदा आहे. त्याचा मानही राहतो.

४. हुन्नर द्या. वायरमन असाल तर वायरिंग तपासा. हिशोब येत असेल तर नुकसानीचे फोटो, स्टॉकची यादी, विम्याचा क्लेम भरून द्या. छप्पर गेलेल्या माणसाला फॉर्म भरायचं बळ नसतं.

५. भाव वाढवू नका. टंचाईत मेणबत्ती दुप्पट भावाने विकणाऱ्याला गाव विसरत नाही.

६. तीन महिन्यांनी पुन्हा जा. तोवर कॅमेरे गेलेले असतात, काम राहिलेलं असतं. जॉप्लिनमध्ये त्याच वर्षी १७ ऑगस्टला शाळा ठरल्या दिवशी सुरू झाल्या. अकरावी-बारावीचे वर्ग मॉलमधल्या एका रिकाम्या दुकानाच्या जागेत भरवले. तुमच्याकडे रिकामा गाळा असेल तर तीसुद्धा मदतच आहे.

आपल्याकडे हे कसं लागू होतं?

३ जून २०२० चं 'निसर्ग' आठवा. लॉकडाऊन चालू होता आणि रायगडच्या किनाऱ्यावर वादळ धडकलं. पत्रे, कौलं उडाली, लाईट गेली, श्रीवर्धन-मुरूड भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली तर सुपारी धरायला पाच-सहा वर्षं सहज जातात. अशा बागायतदाराला एक शिधा पुरणार का? त्याला मधल्या वर्षांत दुसरं उत्पन्न लागतं. त्याच्या घरगुती मुक्कामाला गिऱ्हाईक पाठवणं, त्याचं कोकम, पापड, लोणचं आपल्या दुकानात ठेवणं, ही खरी लांब पल्ल्याची मदत.

आणि तुमचं स्वतःचं दुकान?

जो स्वतः बुडाला तो दुसऱ्याला काय हात देणार? विम्याची 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सुरू झाली. एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असलेल्या व्यवसायांसाठी ती आहे. वादळ आणि पूर तिच्यात धरलेले आहेत, अगदी टोर्नॅडोसुद्धा. तुमच्या एजंटला आजच विचारा, आणि पॉलिसीतली स्टॉकची रक्कम खऱ्या स्टॉकएवढी आहे का ते तपासा.

आजचं होमवर्क: वहीत तीन ओळी लिहा. माझ्या गावावर संकट आलं तर माझं दुकान किती तासांत उघडेल? त्यासाठी काय कमी आहे? आणि शेजारच्या गावावर आलं तर मी कोणाला फोन करेन? तिसऱ्या ओळीत नाव आणि नंबर दोन्ही हवेत. नसेल तर आजच मिळवा, वादळ आल्यावर रेंज नसते.