यतीचा पुरावा कुठवर आला?

यती, म्हणजे हिमालयातला दंतकथेतला हिममानव, म्हटलं की मला १९५१ सालचा तो फोटो आठवतो. मेनलुंग हिमनदीवर गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी टिपलेला पावलाचा ठसा, मापासाठी शेजारी ठेवलेली बर्फकुऱ्हाड आणि तो फताडा अंगठा! पण बर्फातला ठसा वितळून जातो, हातात धरता येईल असं काहीतरी हवं.

नेपाळमधल्या खुमजुंगच्या गोंपात (बौद्ध मठात) ते होतं: यतीच्या डोक्याची म्हणून जपलेली, शंकूसारखी, राठ केसांची कातडी. १९६० मध्ये गिर्यारोहक एडमंड हिलरींनी ती तपासणीसाठी परदेशी नेली. निघाली सेरो या शेळीच्या कुळातल्या प्राण्याची.

२०१७ मध्ये यतीचे म्हणून जपलेल्या हाडं, दात, केस अशा ९ नमुन्यांचा डीएनए तपासला गेला. ८ अस्वलांचे, १ कुत्र्याचा! मला मात्र हे शोधाचं यशच वाटतं, कारण त्यातूनच कळलं की हिमालयातलं तपकिरी अस्वल ही फार जुनी, वेगळी शाखा आहे.